हिरव्या गालाची मुलगी

"हलू नकोस," दिनू म्हणाला.

"हलले कुठे? श्वास घेतला."

"मग तो जरा बेताने घे."

बडोद्याला रावपुऱ्यात आमच्या घराच्या मधल्या खोलीत, वेताच्या खुर्चीत, मी तीन दिवस रोज दुपारी अशी बसत होते. डाव्या हाताला खिडकी आणि खिडकीबाहेर कडुनिंब, उजव्या हाताला आईने चिंचेने घासून मांडलेली पितळेची पिंपं, आणि डोक्यामागे विजेचा मीटर. दिनू हा माझा मावसभाऊ. माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा, पण त्या आठ महिन्यांचा तोरा आठ वर्षांएवढा. चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होता, आणि त्या वर्षी, म्हणजे चोपन्न साली, त्याच्या अंगात नवी चित्रकला संचारली होती. ती म्हणजे काय, हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो डोळे मिटून उसासा टाकायचा.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला त्याने ब्रश पुसले आणि मला चित्र बघायला बोलावलं.

एक बाई बसलेली होती, एवढं नक्की. मान सुरईसारखी लांब. डोळे म्हणजे दोन बदाम, आत बुबुळांचा पत्ता नाही. कान एकच. साडी म्हणजे वांगी रंगाचा एक सपाट पट्टा, तिला ना निऱ्या ना पदर. डावा गाल हिरवा, उजवा हळदीसारखा पिवळा. मीटर मात्र हुबेहूब होता. त्याच्यावरचा आकडासुद्धा वाचता येत होता.

"मीटर छान आलाय," मी म्हटलं.

"चेहरा बघ."

"तोच बघतेय. गाल हिरवा का?"

"खिडकीतून कडुनिंबाचा उजेड येतो तुझ्यावर. उजेड हिरवा, म्हणून गाल हिरवा."

"आणि हा पिवळा?"

"पिंपांचा उजेड."

"आणि दुसरा कान?"

"तो मला तिथून दिसत नव्हता. दिसत नाही ते मी काढत नाही," दिनू म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "आणि दिसतं ते बदलत नाही."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. चित्रापुढे थबकली. कपबशी खाली ठेवली, पदर खोचला आणि चित्राचं तोंड भिंतीकडे करून टाकलं.

"दिवेलागणीची वेळ आहे," ती म्हणाली. "आणि दिनू, हे कुणाला दाखवू नकोस रे बाबा. पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

आईच्या काळजीला कारण होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि सावळी होते. सावळी हा आईचा शब्द. आरशाचा शब्द वेगळा होता. नाना, म्हणजे माझे वडील, जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून. त्यांनी रीतीप्रमाणे माझा फोटो काढून घेतला होता, आणि फोटोवाल्याने रीतीप्रमाणे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मला गोरी करून दिली होती. इतकी गोरी, की फोटो घरी आला तेव्हा मीच विचारलं, "ही कोण?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली होती. "एकदा घरी येऊन बघू देत तर खरं. मग तुझे गुण दिसतीलच त्यांना."

गुण दिसायला वेळ लागतो, रंग दारातच दिसतो. फोटो बघून आलेल्या माणसांची एक नजर असते. मी आतून पोह्यांच्या ताटल्या घेऊन यायचे. ती माणसं माझ्याकडे बघायची, हसायची, आणि पुन्हा दाराकडे बघायला लागायची, फोटोतली मुलगी मागून यायची आहे असं समजून. मग मीच सतरंजीवर बसले की त्यांच्या लक्षात यायचं. त्यानंतरची जी नजर, ती मी सहा वेळा झेलली होती. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे, आणि मग ताटलीतल्या खोबऱ्याकडे. "कळवतो," असं म्हणून मंडळी जिना उतरायची आणि आठवड्याने पत्र यायचं, की पत्रिका जुळत नाही. जुळते म्हणून तर आली होती बिचारी!

सहाव्या खेपेनंतर आई दोन दिवस जेवली नाही आणि नाना माझ्याशी फार गोड बोलायला लागले. त्या गोड बोलण्याने मला जास्त लागलं. मनाशी म्हटलं, नकार येऊ दे, नाही कोण म्हणतंय? पण ती नजर पुन्हा नको. सातव्यांदा ती झेलायची माझ्यात ताकदच उरली नव्हती.

आणि सातवं स्थळ आलं. भरूचचे दिघे. मुलगा शाळेत गणित शिकवणारा, घरात तो आणि त्याची आई, दोघंच. दिनूला नेमकं त्याच आठवड्यात मुंबईला जायचं होतं, तिथल्या कुठल्याशा प्रदर्शनात माझं चित्र द्यायला. वाटेत भरूचला उतरून दिघ्यांकडे पाकीट पोचतं कर, असं नानांनी त्याला सांगितलं. पाकिटात पत्रिका आणि तो फोटो.

दिनू निघायच्या आधी मी त्याला जिन्यात गाठलं.

"पाकिटातला फोटो मी काढून घेतलाय," मी म्हटलं. "त्यांना चित्र दे."

"कुठलं चित्र?"

"हेच. काखोटीला मारलंयस ते."

"वेडी झालीस का? प्रदर्शनाचं काय?"

"प्रदर्शनवाले तुला नाकारणारच आहेत. मग मला भरूचवाल्यांनी नाकारलं तर काय बिघडलं?"

हे त्याला चांगलंच झोंबलं. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला.

"पण भरूचला त्यांना नवी चित्रकला कळेल का?"

"कळू नये म्हणूनच पाठवतेय, दिनू. मला नकार टपालाने हवाय. पोहे करून, साडी नेसून, समोर बसून नको."

गोणपाटात गुंडाळलेलं चित्र दिनूने या काखेतून त्या काखेत घेतलं आणि तो गेला. फोटो मी न्हाणीघरातल्या बंबात घातला. त्या दिवशीचं पाणी चांगलं कढत निघालं.

आठवड्याने दिनू परत आला.

"म्हातारीच होती घरात. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, पाणी प्यायलो आणि पळालो."

"काही म्हणाल्या?"

"खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'बिचारी.'"

झालं, माझं काम फत्ते. मी निर्धास्त झाले. आणि चारच दिवसांनी पत्र आलं. नानांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचायला घेतलं.

"'चित्र व पत्रिका मिळाली.' चित्र? हे फोटोला चित्र म्हणतात वाटतं. 'पत्रिका जुळते. मुलीस पाहण्यास आम्ही दोघे येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येत आहोत. मुलीस फार दगदग देऊ नये.'"

"दगदग कसली?" आईने विचारलं.

मी पाटावरून उठून आत जायला लागले. माझं तोंड बघून आईला संशय आला, आणि तिने दिनूला बोलावून घेतलं. दिनू थोर कलावंत असेल, पण मावशीपुढे त्याचं कधी काही चाललं नाही. मिनिटभरात त्याने सगळं ओकून टाकलं.

आईने कपाळाला हात लावला. नाना बराच वेळ पत्राची घडी घालत होते, उलगडत होते.

"ते हिरवं तोंड बघून येतायत?" आई म्हणाली. "अहो, मग त्या मुलातच काहीतरी खोट असणार! पाय अधू असेल, नाहीतर बिजवर असेल. नका बोलावू तुम्ही."

"रविवारी येणाऱ्यांना आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?" नाना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हेमा, तुला एवढं अवघड होत होतं, तर मला सांगायचंस."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगणार होते कुणाला? सगळं माझ्यासाठीच तर चाललं होतं.

रविवार उजाडला. आईने पावडरचा डबा पुढे केला, मी मागे सारला. "निदान नाकाला तरी लाव गं," म्हणाली. नाकालाही लावली नाही. एवढं भयंकर चित्र बघून आलेल्या माणसांसमोर पावडर लावून काय उजेड पडणार होता?

दहा वाजता दिघे मायलेक जिना चढून आले. माई, म्हणजे मुलाची आई, चांगल्या उंच्यापुऱ्या, नऊवारी नेसलेल्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या. मुलाचं नाव रघुवीर. पाय धड होते, दोन्ही. बिजवर नव्हता. कान मात्र मोठे होते. दिनूने एक गाळला, त्याची भरपाई इथे झाली, असं माझ्या मनात आलं आणि मला ऐन वेळी हसू फुटलं. तशीच हसत मी पोहे घेऊन बाहेर गेले आणि सतरंजीवर बसले.

नजरेची वाट बघत खाली मान घालून बसले. नजर आली, पण ती काहीतरी वेगळीच होती. माई माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या नखांकडे बघत होत्या.

"पोरी, जरा खिडकीशी ये बघू," त्या म्हणाल्या. "इथे अंधार आहे."

मी गेले. त्यांनी माझे दोन्ही हात उजेडात धरून नखं पाहिली, उलटीसुलटी. मग एक मोठा श्वास सोडला आणि मागे वळून मुलाला सांगितलं, "अरे, चांगली आहे की ही!"

तेवीस वर्षांत पाहायला आलेलं माणूस मला बघून खूश झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते. चित्रातल्या बाईपेक्षा मी उजवी ठरले होते. आईच्या चेहऱ्यावर तर दिवाळी झाली.

मुलाच्या चेहऱ्यावर मात्र काही दिवाळी नव्हती. तो भिंतीकडे बघत होता.

"तो मीटर हाच का?" त्याने विचारलं.

"हाच," दारात उभा असलेला दिनू म्हणाला. "चित्र मी काढलंय."

माईंनी दिनूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू होय? बाळ, डोळे तपासून घे हो एकदा."

"आई, त्यांचे डोळे चांगले आहेत," रघुवीर म्हणाला आणि पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळला. "तुम्ही या खुर्चीत बसला होतात ना? तशा बसाल का जरा?"

मुलगी बघायला आलेल्या मोठ्या माणसांसमोर मुलीने खुर्चीत बसायचं, तेही खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकून? आईने मला डोळ्यांनीच नको म्हटलं. नाना काहीच म्हणाले नाहीत, आणि नानांचं काहीच न म्हणणं मला पुरेसं होतं. मी खिडकीपासून वळले आणि खुर्चीत बसले. पाठ टेकली, कोपरं टेकली, मान वर केली.

आणि मग ती नजर आली. आठवून आठवून तो ताडून बघत होता, एकदा मनातल्या चित्राकडे, एकदा माझ्याकडे.

"चित्रात तुम्ही जास्त रागावलेल्या दिसता," तो म्हणाला.

"तेव्हा तीन दिवस बसले होते. आता पाच मिनिटं झालीत."

"गाल हिरवा कशाने?"

"कडुनिंबाने." मी खिडकीकडे बोट केलं. त्याने उठून खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्या गालाकडे, आणि मान हलवली, एखादं उदाहरण सुटल्यासारखी.

आता विचारलं नाही तर जन्मभर विचारणार नाही, असं वाटलं. नाहीतरी खुर्चीत बसलेच होते.

"तुम्ही बघायला आलात ते मला, की चित्रातलीला?"

"हेमे!" आई म्हणाली.

"चित्रातलीला," रघुवीरने सांगितलं. "तिच्यासमोर दोन आठवडे जेवतोय. तुम्हाला बघून पाच मिनिटंच झाली. एवढ्यात काही सांगितलं तर ते खोटंच होईल."

पत्रिका जुळत नाही, असं सहा वेळा ऐकलेल्या मुलीला हे उत्तर कसं वाटलं असेल, ते तुम्हीच ठरवा. मला राग आला नाही. बरंही वाटलं नाही म्हणा. खरं बोलणारं माणूस भेटलं तर ते दुसऱ्याच कुणाच्या प्रेमात, आणि ती दुसरी मीच! मला काही सुधरेना. पाणी आणते म्हणून मी आत सटकले.

माझ्यामागोमाग माई स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं.

"पोटात दुखतं का गं तुझ्या? उजव्या अंगाला?"

"नाही."

"जेवण जातं? तोंड कडू होतं का सकाळी?"

"नाही हो. का?"

त्यांनी माझी हनुवटी धरली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यात. आणि एकदम ओशाळल्या. कमरेला खोचलेलं ओलं फडकं काढून त्यांनी ओट्यावर सोडलं. आत मुळासकट उपटलेली हिरवीगार झाडं होती, मातीसुद्धा झटकलेली नव्हती.

"भुईआवळी," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी नर्मदेच्या काठावरून आणली. वाटून ताकातून घ्यायची, सात दिवस. काविळीवर याच्यासारखं दुसरं नाही."

"कावीळ कुणाला?"

"तुला गं! चित्रात चेहरा असा हिरवा-पिवळा, डोळ्यांत जीव नाही. मला काय ठाऊक तुमची ती नवी चित्रकला? हा म्हणाला, मला ही मुलगी बघायचीय. मी म्हटलं, अरे, ती आजारी आहे, दिसत नाही का? आईबापांना कळलेलं दिसत नाही, नाहीतर असं चित्र पाठवलं असतं का कुणी? तर म्हटलं, जाऊन तर येऊ. सून होवो न होवो, पोर तर बरी होईल."

सहा घरची माणसं माझा गोरा फोटो बघून आली होती आणि मी गोरी नाही म्हणून गेली होती. ही बाई मला आजारी समजून आली होती. चाळीस-पंचेचाळीस मैलांचा प्रवास, कमरेला ओलं फडकं, हा एवढा जिना. नाही म्हणायचं असतं तरी मला आधी बरी करून मग नाही म्हणाली असती. मला रडू कोसळलं. ओट्याला टेकून मी हमसाहमशी रडायला लागले.

"अगोबाई! आता काय झालं? खरंच दुखतंय की काय कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "काही दुखत नाही आता."

माईंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि भुईआवळीची जुडी पुन्हा फडक्यात बांधायला लागल्या. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, राहू द्या इथे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पोहे संपले होते. रघुवीर आणि दिनू एकाच कानावरून वाद घालत होते. माईंनी नानांना नमस्कार केला, पायात चपला सरकवायला घेतल्या आणि म्हणाल्या, "बराय, येतो आम्ही. घरी जाऊन याच्याशी बोलते. मग कळवतो."

कळवतो. आईचा चेहरा उतरला. नानांनी सवयीने मान हलवली. तो शब्द या खोलीत सहा वेळा बोलला गेला होता आणि प्रत्येक वेळी मी आतल्या दाराआड उभी राहून तो ऐकला होता. आज मी बाहेर होते.

"मला पसंत आहे," मी म्हटलं.

असं मुलीकडून, तेही मुलाकडच्यांनी कळवायच्या आत, आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. आईने तोंडाला पदर लावला. दिनू वाद विसरला. नानांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"कोण पसंत आहे?" त्यांनी विचारलं.

"माई."

माई चपलांत पाय अर्धे घालून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या हसायलाही लागल्या. सगळ्यांनी रघुवीरकडे पाहिलं. तो आपल्या त्या मोठ्या कानांपर्यंत लाल झाला होता. त्याने थोडा विचार केला.

"चालेल," तो म्हणाला. "मी आईकडेच राहतो."